ऑनलाइन घेतलेला ऑइल फिल्टर असली की नकली? घरी तपासायचा कसा (नागपूर)

मनीषनगर_वॅगनआर | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन ऑइल फिल्टरचा तीन नगांचा संच मागवला. नाव प्रसिद्ध कंपनीचं, खोकाही तसाच. एक नग ७० रुपयांना पडला. काउंटरवर तोच सव्वाशेच्या घरात आहे. त्यातला एक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑइल बदलताना लावला. गाडी २०१५ ची वॅगनआर, पेट्रोल, ८२ हजार चाललेली.

तेव्हापासून रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइलचा लाल दिवा लगेच विझत नाही. मोबाइलवर मोजलं, चार ते पाच सेकंद. तेवढा वेळ वरून टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) खडखड येते आणि मग सगळं शांत. दिवसा परत स्टार्ट मारली तर काहीच नाही. आधीच्या फिल्टरवर, याच ग्रेडच्या ऑइलवर असं कधी झालं नव्हतं.

उरलेले दोन नग आत्ता टेबलावर आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. एक १८१ ग्रॅम, दुसरा १८९. एकाच संचातल्या, एकाच नंबरच्या दोन फिल्टरांत आठ ग्रॅमचा फरक असावा का? हे न कापता घरी ओळखता येतात का? २७ तारखेला आई-बाबांना घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जायचंय, म्हणून घाई आहे.

वाडीचे_काका | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

भाऊ, तपासणी मागून करा. आधी गाडीत जो लागून आहे तो काढा न. पाच सेकंद दिवा म्हणजे पाच सेकंद बेअरिंग कोरडं फिरून राहिलं. रोज सकाळी. ट्रकच्या धंद्यात ३० वर्षं गेली माही, इंजिन एका दिवसात नाही बसत, असं रोज थोडं थोडं खाल्लं जाते. उद्या सकाळी कंपनीच्या पार्ट काउंटरवर जा, एक नग घ्या, बिल घ्या, अन् तोच लावा. ऑइल दीड महिन्याचंच आहे, तं पुरं बदलायची गरज नाही. फिल्टर काढल्यावर जेवढं सांडते तेवढं वरून टाका, डिपस्टिक पाहा.

अन् ते दोन नग फेकू नका.

हिंगणा_व्हर्नियर | १४ डिसेंबर, रात्री ११.२०

काकांचं अगदी बरोबर. तुम्ही सांगितलेली लक्षणं उलट-प्रवाह रोखणाऱ्या रबरी पडद्याकडे बोट दाखवतात. फिल्टरच्या तोंडाशी मधलं आट्यांचं भोक आणि त्याभोवती छोट्या भोकांची रांग असते. ऑइल बाहेरच्या भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या भोकातून इंजिनात येतं. बाहेरच्या भोकांना आतून एक रबरी चकती झाकते. इंजिन बंद झालं की ती बसते आणि फिल्टरमधलं ऑइल पंपाच्या वाटेने चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) परत जाऊ देत नाही. चकती कडक असेल किंवा वाकडी बसली असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंप आधी फिल्टर भरतो, नंतर वर ऑइल पोचतं. तुमचे पाच सेकंद तिथे जातात. फिल्टर तोंड वर करून उभा बसणाऱ्या गाड्यांत हा दोष फारसा कळत नाही, आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्यांत लगेच कळतो.

मी हिंगणा एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे माझी सवय एकच: जोडीला खात्रीचा नग असल्याशिवाय कशालाही पास-नापास म्हणायचं नाही. उद्या काउंटरवरून एकाऐवजी दोन नग घ्या. एक गाडीत लावा, दुसरा टेबलावर ठेवा. मग तिन्ही शेजारी ठेवून बघा.

वजनापासून सुरुवात केलीत ते चांगलं केलं. वजन जास्त म्हणजे माल चांगला असं नाही, जाड पत्र्याचा पण आत अर्धा कागद असलेला फिल्टरही जड भरतो. पण एकाच नंबरचे नग एकमेकांशी जुळायला हवेत. जिथे साचे आणि कागदाचं कटिंग एकसारखं असतं तिथे दोनशे ग्रॅमच्या वस्तूत आठ ग्रॅम इकडेतिकडे होत नाहीत.

त्यानंतर पॅकिंग बघा. रबराची रिंग खोबणीत सगळीकडे सारखी बसली आहे का, नखाने दाबली तर दबून परत वर येते का. जोडावर फुगवटा किंवा भेग दिसली तर तो नग तिथेच बाद. मग आटे. बोट आत फिरवा, बर्र (धातूची खरखरीत कड) लागते का, रंग आत गेलाय का. आट्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऑनलाइनमध्ये नकली मालाइतकाच चुकीचा माल येतो.

छोट्या गाड्यांच्या फिल्टरांत दोन आटे फार दिसतात. एक पाऊण इंची, इंचाला १६ आटे, आणि दुसरा एम २०, दीड मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पाऊण इंची फिल्टर एम २० च्या स्टडवर (इंजिनावरच्या आट्यांच्या दांड्यावर) चढतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलटं मात्र होतं: एम २० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर चढतो, पॅकिंग टेकल्यावर घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड जेमतेम असते. थंड इंजिनात दाब चढला की असा फिल्टर उडू शकतो, आणि फिल्टर उडाला की सगळं ऑइल काही सेकंदांत रस्त्यावर. साइटवर 'या गाडीला बसतो' असं लिहिलंय यावर विसंबू नका. जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर, आट्याचं माप आणि पॅकिंगचा व्यास, तिन्ही जुळवा. आणि हाताने फिरवताना फिल्टर डुगडुगला तर तिथेच थांबा.

शेवटी कान. फिल्टर कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ झाली तर एलिमेंट (आतला घड्यांचा कागद) सैल आहे किंवा त्याला दाबून धरणारी स्प्रिंग नीट नाही. पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून हलकेच ठोका. धातूचा कीस किंवा गंज पडला तर तो उद्या तुमच्या बेअरिंगमध्ये गेला असता, कारण मधल्या भोकाकडची बाजू गाळलेल्या ऑइलची असते.

धरमपेठ_७७ | १५ डिसेंबर, सकाळी ८.१२

एवढं कशाला करायचं? हजार किलोमीटरनंतर ऑइल काळं पडलं की समजायचं फिल्टर नकली. मी तर तसंच ओळखतो.

रेशीमबागकर | १५ डिसेंबर, सकाळी ९.३०

दादा, हा समज खूप जणांचा आहे आणि त्यामुळे चांगले फिल्टर विनाकारण बदनाम होतात. ऑइल काळं होतं ते काजळीने. काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक असतात. साध्या कागदी फिल्टरचं काम साधारण २०-३० मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण पकडायचं. काजळी ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या डिटर्जंटचं काम. माझी स्विफ्ट डिझेल आहे, तिचं नवं ऑइल शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच काळं दिसतं, फिल्टर शोरूमचा असो की कुठलाही.

डिझेलवाल्यांसाठी: माझ्या गाडीत डबा नसतो, नुसतं कागदी एलिमेंट असतं, वर झाकण. तपासायला हा प्रकार सगळ्यात सोपा, कारण सगळं उघड्यावर आहे. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरा आणि बाहेरून गोल फिरवून बघा. कुठे टाचणीच्या टोकाएवढा उजेड थेट आला तर भोक आहे. घड्या सारख्या अंतरावर हव्यात. दोन-चार घड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर तेवढा कागद कामाचाच नाही. जिथे कागदाची दोन टोकं जोडली आहेत तो जोड वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपा. सोबत आलेली ओ-रिंग जुनीच्या शेजारी ठेवून जाडी आणि व्यास बघा. मला एकदा ऑनलाइन आलेल्या पाकिटात ओ-रिंगच नव्हती. आणि झाकण किती ताकदीने आवळायचं ते बहुतेक वेळा झाकणावरच न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेलं असतं. गॅरेजमध्ये ते कोणी वाचत नाही, आपण उभं राहून वाचून दाखवायचं.

महाल_रायडर | १५ डिसेंबर, सकाळी १०.०२

माझा मेकॅनिक फिल्टरमध्ये फुंकर मारून बघतो. हवा आरामात गेली तर फिल्टर मोकळा, म्हणजे चांगला. बरोबर आहे का?

हिंगणा_व्हर्नियर | १५ डिसेंबर, दुपारी १.१५

फुंकर आरामात जाण्याची दोन कारणं असू शकतात: कागद भरपूर आहे, किंवा कागद फाटलेला आहे. फुंकरीवरून ते वेगळं करता येत नाही. फुंकरीचा एकच उपयोग: मधल्या भोकातून हलकी फुंकर मारा आणि बाहेरच्या भोकांवर ओलं बोट धरा. रबरी पडदा बरा असेल तर हवा अडायला हवी. तेवढं पडद्याबद्दल कळतं, गाळण्याबद्दल नाही.

घरी बसून फिल्टरची बांधणी आणि त्याचा खरेपणा तपासता येतो. तो किती बारीक गाळतो हे नाही. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी आहे. ठरावीक धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधी किती कण, नंतर किती कण ते मोजतात. त्यातून बीटा आकडा निघतो. २० मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे ७५ कण आले तर एक निसटला, म्हणजे ९८.६७ टक्के पकडले. बीटा २ म्हणजे निम्मे निसटले. हे काम प्रयोगशाळेचंच. म्हणून खोक्यावर नुसतं 'हाय एफिशियन्सी' छापलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. किती मायक्रॉनला किती टक्के, ते लिहिलेलं हवं.

मनीषनगर_वॅगनआर | १५ डिसेंबर, रात्री ८.५०

काका, आज दुपारी सुट्टी टाकून काउंटरवर गेलो. दोन नग घेतले, बिलासह. संध्याकाळी फिल्टर बदलला.

काउंटरचा नग २१८ ग्रॅम भरला, दोन्ही. एका ग्रॅमचाही फरक नाही. माझ्या काट्याचं माप एक ग्रॅमपर्यंतच आहे, तरीही १८१ आणि १८९ च्या शेजारी हे बघून पोटात खड्डा पडला. आटे तिन्हींचे जुळतात, फिल्टर सैल बसत नाही. पॅकिंग मात्र ऑनलाइनवाल्यांची टणक आहे, नख रुतत नाही. खोक्यावर उत्पादनाचा महिना ऑगस्ट छापलाय आणि डब्यावर बॅच नंबरच नाही. काउंटरच्या नगाच्या डब्यावर तो ठोकलेला आहे.

खोक्यावरचा क्यूआर स्कॅन केला तर नुसती कंपनीची मुख्य साइट उघडली. यावरून काही ठरतं का?

रेशीमबागकर | १५ डिसेंबर, रात्री ९.२२

मुख्य साइट उघडणं म्हणजे काहीच नाही. तसा क्यूआर कोणीही छापू शकतो. प्रत्येक नगाचा वेगळा कोड असेल आणि तो कंपनीच्या ॲपमध्ये किंवा साइटवर स्वतः टाकून 'हा कोड पहिल्यांदाच तपासला जातोय' असं उत्तर आलं तरच त्याला वजन. तुमच्या दोन्ही खोक्यांवरचा कोड एकच आहे का बघा.

मनीषनगर_वॅगनआर | १५ डिसेंबर, रात्री ९.३१

ताई, दोन्हींवर एकच आहे. अक्षर न अक्षर.

वाडीचे_काका | १५ डिसेंबर, रात्री ९.४५

झालं मंग. रविवारी घेऊन या इकडे. कापून पाहू. आरीनं नाही कापाचं, आरीचा कीस सगळ्या घड्यांमधी जाते अन् मंग कोणता कीस कोणाचा ते समजत नाही. माझ्याकडं पाइप कटरसारखा फिल्टर कटर आहे. गाडीतून काढलेला तो जुनाही आणा. काउंटरचा उरलेला एक नगही आणा, कापाले जीव होत असन तं.

मनीषनगर_वॅगनआर | २१ डिसेंबर, रात्री १०.१०

आज वाडीला काकांकडे गेलो. हिंगण्याचे दादाही व्हर्नियर घेऊन आले होते. काकूंनी सगळ्यांना तर्री पोहे खायला घातले, त्यासाठी इथेही आभार. आता सविस्तर लिहितो, कारण असं शेजारी ठेवलेलं मी इंटरनेटवर शोधलं तेव्हा मराठीत सापडलं नाही.

काउंटरचा नग आधी कापला. त्यात ६० घड्या, प्रत्येक १२ मिलिमीटर खोल, उंची ६० मिलिमीटर. प्रत्येक घडीला दोन बाजू, म्हणजे ६० गुणिले २ गुणिले १.२ गुणिले ६, एकूण ८६४ चौरस सेंटिमीटर कागद. ऑनलाइनच्या नगात ३८ घड्या, खोली १०, उंची ५५. तोच हिशेब केला तर ४१८. निम्म्याहूनही कमी! बाहेरून डबा मात्र तेवढाच उंच. उरलेली जागा भरायला आत लांब स्प्रिंग टाकली आहे.

कमी कागदाचा अर्थ दादांनी समजावला. कागद लवकर तुंबतो, दोन बाजूंच्या दाबात फरक वाढतो आणि बायपास झडप उघडते. झडप उघडली की ऑइल न गाळता तसंच इंजिनात. ऑइलविना राहण्यापेक्षा ते बरं, म्हणून झडप असतेच. पण ती थंड स्टार्टला किंवा क्वचित उघडायची गोष्ट, सर्व्हिसच्या १० हजार किलोमीटरपैकी निम्मे उघडी राहण्याची नाही.

रबरी पडदा हातात घेतला तेव्हा सगळा उलगडा झाला. काउंटरचा पडदा दोन बोटांत दुमडला आणि सोडल्यावर सपाट झाला. दुसरा दुमडताना पांढरी रेघ उमटली, प्लॅस्टिकसारखा. गाडीतून काढलेल्या जुन्या नगातला तर दीड महिन्यात कडेला उचलला गेला होता. आत्ता थंडी आहे. इथल्या मे महिन्यात, ४५ डिग्रीच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये तापलेल्या इंजिनात त्याचं काय झालं असतं?

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते कागदाने. दोन्ही कागदांचे तुकडे काकांनी पाण्याच्या वाटीत टाकले आणि आम्ही पोहे खाल्ले. पाऊण तासाने काउंटरचा कागद तसाच ताठ होता. दुसरा बोटाने चोळल्यावर लगदा होऊन सुटला. दादा म्हणाले, चांगल्या कागदाला राळ पाजून भट्टीत पक्कं केलेलं असतं. शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी त्यात राहतं. तो लगदा तेव्हा माझ्या इंजिनात फिरला असता.

हिंगणा_व्हर्नियर | २१ डिसेंबर, रात्री १०.४८

एक भर घालतो, नाहीतर हे वाचून लोक चांगले फिल्टर परत करतील. कापल्यावर घड्यांच्या वर-खाली पत्र्याऐवजी पुठ्ठ्यासारख्या चकत्या दिसल्या म्हणजे नकली, असं नाही. नामांकित कंपन्याही फायबरच्या चकत्या वापरतात. बघायचं ते कागद चकतीला सगळीकडे चिकटला आहे का. तसंच फिल्टरमध्ये बायपास झडप नाही म्हणून घाबरू नका, काही इंजिनांत ती ब्लॉकमध्येच असते. पडद्याचा रंगही पुरावा नाही. सिलिकॉनचे पडदे बऱ्याचदा केशरी-लाल असतात, पण कोणत्याही रबरात रंग मिसळता येतो. म्हणून पुन्हा तेच: त्याच पार्ट नंबरचा खात्रीचा नग शेजारी ठेवा.

सदर_ग्राहक | २२ डिसेंबर, सकाळी ११.००

मी ग्राहक तक्रारींचं काम बघतो. आता हे असं सोडू नका. परत करण्याची मुदत संपली असली तरी मुदत ही 'आवडलं नाही' यासाठी असते, बनावट मालासाठी नव्हे. आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं. सोबत काट्यावरचे फोटो, दोन खोक्यांवरचा सारखाच कोड, दोन्ही बिलं आणि कापलेल्या नगांचे फोटो जोडा. ज्या कंपनीचं नाव छापलंय तिलाही त्याच मेलमध्ये ठेवा. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ खाली खोटा ट्रेडमार्क लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि कंपनीला आपल्या नावाचा माल कुठून विकला जातोय ते हवंच असतं.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी पानावर विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली ते वाचा. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असायलाच हवा. आणि पार्सल उघडताना, पट्टी कापण्याच्या आधीपासून, एकसंध व्हिडिओ काढा. भांडण बहुतेक वेळा त्यावरच सुटतं.

महाल_रायडर | २२ डिसेंबर, दुपारी ४.३५

म्हणजे ऑनलाइन घ्यायचाच नाही का? माझ्या जुन्या गाडीचा फिल्टर नागपुरात काउंटरवर मिळतच नाही.

रेशीमबागकर | २२ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

घ्या की. मीही घेते. फक्त फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं दुकान त्या साइटवर असेल तर त्यातूनच, आणि पहिल्यांदा एकच नग. तीन-पाचचा संच नाही. किंमत काउंटरच्या निम्म्याजवळ आली की मी पान बंद करते. शंभर-सव्वाशेच्या वस्तूत निम्मं सोडण्याएवढा नफा कोणाकडेच नसतो, ते पैसे कागदातूनच कापलेले असतात.

वाडीचे_काका | २२ डिसेंबर, रात्री ८.२०

अन् असली माल आणूनही लावता आला पाहिजे. आमच्या एका गाडीचा जुना फिल्टर काढला, त्याची पॅकिंग इंजिनालेच चिकटून राहिली. पोट्ट्यानं पाहिलं नाही, वरून नवा चढवला. दोन पॅकिंग एकावर एक. अमरावती रोडवर निघाली गाडी अन् ऑइलचा पट्टा रस्त्याभर. ड्रायव्हरनं दिवा पाहून लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तवापासून माहा नियम, जुना फिल्टर हातात घेऊन त्याले पॅकिंग आहे का ते पाहिल्याबिगर नवा उघडाचाच नाही. बसण्याची जागा कापडानं पुसा, नव्या पॅकिंगले ऑइलचं बोट लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा, मंग पाऊण फेरा. पान्यानं आवळू नका, पाना काढाले असते. स्टार्ट करून दोन मिनिटं खाली वाकून पाहा.

मनीषनगर_वॅगनआर | ९ जानेवारी, रात्री ९.०५

उशिरा लिहितोय. शिर्डी झाली, जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या वर गाडी चालली. ऑइलची पातळी होती तिथेच आहे. नवा फिल्टर लावल्यापासून रोज सकाळी मोजतोय. परवा पहाटे गारठा होता तेव्हाही दिवा एका सेकंदाच्या आत विझला. खडखड नाही.

साइटने आधी 'मुदत संपली' असं उत्तर दिलं. सदरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याला फोटोंसह लिहिलं, तेव्हा तिन्ही नगांचे पैसे परत आले. त्या विक्रेत्याचं पान मात्र आजही चालू आहे, तेच फोटो, तीच किंमत. म्हणून काल १९१५ वर तक्रार नोंदवली आणि कंपनीला पुन्हा मेल केला. उत्तर आलं की इथे टाकतो.

वाडीचे_काका | ९ जानेवारी, रात्री ९.३०

चांगलं केलं भाऊ. अन् ते कापलेले तुकडे फेकले नसन तं इकडं आणून द्या. असली अन् नकली बाजूबाजूले तारेनं बांधून ऑफिसात टांगतो, नव्या पोट्ट्याईले दाखवाले.